खिडकीखालचा ‘सा’

“दिवाळीच्या सुट्टीत लोक किल्ला करतात, आणि हा भिंत पुसणार,” मैत्रेयी म्हणाली.

टोमणा तिच्या मित्राला, जयदेवला होता. मे महिन्यात त्याच्या मोठ्या भावाचं, धर्मेशदादाचं लग्न झालं, तेव्हा चिखलोलीच्या घराच्या भिंतीवर पेंटरने गणपती काढला. ‘धर्मेश व जिज्ञासा’ ही नावं मात्र जयदेवने हट्टाने रंगवली. जागा पुरली नाही आणि शेवटचा ‘सा’ खिडकीखाली गेला. अख्खं गाव हसलं. आता सुट्टीत तो पुसायचा, असा घरचा हुकूम होता.

आज दोघं शेजारच्या पुतळाकाकीबरोबर संध्याआत्याकडे आले होते. मैत्रेयीची ही आत्या उल्हासनगरच्या कोर्टात वकील. पाऊस संपताच गावातल्या धर्मराजशेठने जयदेवच्या घरासमोर तारेचं कुंपण घातलं आणि काकीची मळ्यात जायची वाट बंद झाली. काकीने आत्यामार्फत दावा लावला, तर शेठ कोर्टात म्हणाला, कुंपण जुनंच आहे. पुरावा म्हणून त्याने फोटो दिला, त्यावर सहा वर्षांपूर्वीची तारीख.

“तारीखच छापलीय. मंग माजी भाजी गेली का रं?” काकी म्हणाली. त्या भाजीवरच तिचं घर चालायचं. जयदेवला फार वाईट वाटलं.

मैत्रेयी फोनमध्ये खुडबुड करत होती. “काकी, हसा जरा.” फोटो निघाला. त्यावर तारीख होती जयदेवच्या जन्माआधीची.

“ए, हे कसं काय?”

“फोनची तारीख मागे केली. आपण सांगू तीच तो छापतो.”

“शाब्बास. पण शेठने तसंच केलं, हे कसं दाखवणार?” आत्याने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. “कागदावर सगळं बारीक दिसतं, म्हणून मूळ फोटो मागवून घेतलाय. बघा काही सापडतंय का.”

जयदेवने फोटो मोठा केला. तारा, खांब, मागे एक भिंत. भिंतीवर अर्धा गणपती, खिडकी, आणि खिडकीखाली एकटंच एक भगवं अक्षर.

“आत्या, हा माझा ‘सा’ आहे!”

पुढच्या तारखेला आत्याने लग्नाची पत्रिका, भिंतीवरची पूर्ण नावं दाखवणारा फोटो आणि शेठचा फोटो शेजारी शेजारी ठेवले. न्यायाधीशांनी शेठला विचारलं, “सहा वर्षांपूर्वी या भिंतीवर यंदाचं लग्न कसं?” वाट मोकळी करायचा हुकूम झाला.

“पोरांनो, माझ्याआधी तुम्ही पाहिलंत,” आत्या म्हणाली.

घरी धर्मेशदादा चुन्याची बादली घेऊन उभाच होता. काकीने मळ्यातली मेथीची जुडी जयदेवच्या हातात दिली आणि बादली स्वतः उचलली.

“त्या ‘सा’ला कोन हात लावतंय, बघतेच मी.”