पिंजऱ्यात एक माणूस आहे

ही गोष्ट खरी आहे.

मी वर्गात सगळ्यात जास्त बडबड करते, हे मान्य. पण थापा मारत नाही. माझ्याशी भांडून बसलेल्या मैत्रिणीला विचारा, तीसुद्धा हेच सांगेल.

आणि हो, अमावास्येची रात्र वगैरे काही नव्हती. गेल्या महिन्यातली शनिवारची दुपार होती. लख्ख उजेड. जागा म्हणजे माझ्या आईचा कारखाना. तिथे फ्रिजची दारं बनतात, आणि कोणाचा हात-पाय यंत्रात जाऊ नये हे बघणं आईचं काम. सेफ्टी ऑफिसर आहे ती.

तिथे एक जुना नियम होता. यंत्र जाळीच्या पिंजऱ्यात असतं. दुरुस्तीसाठी आत जाणाऱ्याने आधी मेन स्विच बंद करायचा आणि त्याला स्वतःचं कुलूप लावायचं. किल्ली खिशात. बाहेर आल्यावर ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. दुसऱ्याने बोटही लावायचं नाही.

हे मला शिट्टीकाकांनी सांगितलं होतं. ते तिथले फिटर. आत काम करताना सतत शिट्टी वाजवायचे.

"शिट्टी ऐकू येतेय ना, तोवर आत माणूस आहे समजायचं," असं म्हणायचे.

लहान असताना मी त्यांच्या कुलपावर आईच्या लाल नेलपॉलिशने फूल काढलं होतं. फूल कसलं, चेंगरलेला टोमॅटो! एक पाकळी तर पार खाली घसरली होती. काका ते सगळ्यांना कौतुकाने दाखवायचे.

मग एके दिवशी कोणीतरी ठरवलं की काका कुलूप विसरून घरी गेले. कटरने कुलूप कापलं. स्विच चालू केला.

काका आतच होते.

कुलूप कोणी कापलं, ते कधीच कळलं नाही.

तर, त्या शनिवारी नवीन यंत्राचं उद्घाटन होतं. म्हणून घरच्यांनाही बोलावलं होतं. हा एवढा मोठा रोबोट! आता कामगारांना जड पत्रे उचलून कंबर मोडून घ्यावी लागणार नव्हती. खरं सांगू? मी रोबोटच्याच बाजूने होते.

पण त्याबरोबर कुलपं लावायची पद्धत बंद झाली होती. आता पिंजऱ्यात किती माणसं आहेत ते कॅमेरे मोजणार. स्क्रीनवर शून्य आलं की हिरवा दिवा लागणार. मग आईने बटण दाबायचं.

"मॅडम, जग कुठल्या कुठे गेलं आणि तुम्ही अजून कुलपं कवटाळून बसलाय!" आईचे साहेब हसत म्हणाले.

"कुलूप अंदाज बांधत नाही, साहेब."

"पाहुण्यांसमोर तरी नको ना! नाहीतर मला दुसरा सेफ्टी ऑफिसर शोधावा लागेल."

हे ते हसून नाही म्हणाले. आमच्या घरात कमावणारी आई एकटीच आहे. तिने बटणावर हात ठेवला.

स्क्रीनवर आकडा आला…

एक.

पिंजरा रिकामा होता.

कॅमेऱ्यांचं काम बघणाऱ्या दादाला सगळे चष्मा म्हणतात. त्याने स्वतःच्या चष्म्याच्या काचा पुसल्या.

एक.

सगळं बंद करून पुन्हा चालू केलं.

एक.

"बहुतेक कॅमेरा सावलीला माणूस समजतोय," चष्मा पुटपुटला.

"मग शिकव ना त्याला! म्हणावं, नको मोजू!" साहेब खेकसले.

चष्मा टाइप करायला लागला. सगळे गप्प झाले. आणि त्या शांततेत मला ऐकू आली…

शिट्टी.

अगदी बारीक. जाळीच्या आतून.

मी आईकडे बघितलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"आत माणूस आहे, साहेब," ती म्हणाली.

"कुठाय? थांबा, मीच दाखवतो!" साहेब तावातावाने आत गेले. अंगात कारखान्याचा राखाडी कोट. राखाडी रोबोटखाली वाकून बघायला लागले. "या, बघा! चिटपाखरू नाहीये!"

मी स्क्रीनकडे बघितलं. आता तरी दोन दिसायला हवं होतं.

एक.

"आई… साहेबांना मोजलंच नाही."

तेवढ्यात चष्म्याने शेवटची कळ दाबली.

शिट्टी थांबली.

स्क्रीनवर आलं… शून्य.

हिरवा दिवा लागला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी ओरडलं, "दाबा, दाबा!"

साहेब अजून रोबोटच्या हाताखाली होते.

आईने बटणावरून हात असा काढला जणू चटकाच बसला. धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. पर्समधून स्वतःचं जुनं कुलूप काढलं आणि लावलं. खट्ट.

"साहेब," ती जाळीपाशी येऊन म्हणाली, "बाहेर या. हळूच."

साहेब बाहेर आले. स्क्रीनवरचं शून्य बघितलं. मग मागे रिकाम्या पिंजऱ्याकडे बघितलं आणि मटकन खाली बसले.

चष्मा नुसता मान हलवत होता. "मला दिसत होते ते. त्याला का नाही दिसले? आणि मग… तो मोजत कोणाला होता?"



निघताना मी वळून बघितलं. स्विचला दोन कुलपं होती.

एक आईचं. दुसऱ्यावर लाल फूल होतं. खाली घसरलेल्या पाकळीचं.

"आई, ते तर कापलं होतं ना?"

"चल," ती म्हणाली. माझा हात तिने इतका घट्ट धरला की दुखला.

आईने नंतर आपलं कुलूप काढलं. दुसरं कसं काढणार? ज्याचं त्यानेच काढायचं. साहेबांनीही कोणाला हात लावू दिला नाही. कुलपांचा नियम परत आला, आणि रोबोट तसाच उभा आहे.

पण साहेबांची बदली झालीय. सोमवारी नवे साहेब येतायत. त्यांनी आल्या आल्या एकच वस्तू तयार ठेवायला सांगितलीय.

कटर.

आज जेवताना आई गप्प गप्प होती. मी खूप खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "शिट्टी परत सुरू झालीय गं… आता दिवसभर ऐकू येते."