निशिगंधाशेजारची जागा

काम तसं साधंच होतं. कलाशिक्षिका अस्मिता पेंडसे एका प्रदर्शनासाठी फुलांची चित्रं जमवत होती. मार्केट यार्डाच्या मागच्या एका जुन्या सोसायटीत कुसुम राजवाडे नावाच्या बाईंची पुष्कळ चित्रं पडून आहेत, असं तिच्या कानावर आलं होतं. कुसुमताई गेल्या उन्हाळ्यात वारल्या. लग्न केलं नव्हतं. भावाच्या घरी राहिल्या आणि जन्मभर फुलं रंगवत बसल्या. भाऊ त्यांच्या आधीच गेलेला. घरात आता एकट्या वहिनी उरल्या होत्या, आनंदीकाकू.

अस्मिता पोचली तेव्हा दुपार कलायला लागली होती. काकूंनी दार उघडून तिला नीट न्याहाळलं.

"चहा विचारला की लोक नको म्हणतात, म्हणून मी विचारत नाही. करते. पर्स राहू दे इथे सोफ्यावर," असं म्हणत त्यांनी तिला आतल्या खोलीत नेलं.

खोलीला एकच खिडकी, तिला गज. मधोमध एक वेताची खुर्ची. भिंतीला टेकवून ठेवलेली चित्रं: शेवंती, गुलाब, जास्वंद. पाकळी न् पाकळी बिनचूक. हात तयार होता यात शंका नाही, पण नजर काढली की डोळ्यांत काही उरत नव्हतं. लग्नासाठी काढलेल्या फोटोंसारखी सगळी फुलं तोंड समोर करून बसली होती.

एकच चित्र वेगळं होतं. पितळी तांब्यात निशिगंधाच्या काड्या. खालची फुलं कडेनं तपकिरी पडलेली, एक काडी उजवीकडे झुकलेली. आणि उजवीकडे, जवळजवळ अर्ध्या चित्रात, काहीच नाही. मळकट भिंत आणि एक रिकामी वेताची खुर्ची. अस्मिता तिथून हलेना.

"त्यात असं काय आहे?" काकूंनी विचारलं.

"बाकीच्यांत नुसती फुलं आहेत, काकू. इथे फुलांशेजारी कोणीतरी होतं. बघा, ऊन फुलांवर येता येता कशाला तरी अडलंय. माणूस दिसत नाही, सावली तेवढी पडलीय. म्हणून नजर तिथे अडकते."

काकूंनी चित्रातल्या रिकाम्या खुर्चीवर बोट टेकवलं.

"तिथे मी असायचे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "शेजारी कोणी बसल्याशिवाय वन्संचा हात चालत नसे. जेवणं झाली की मला बसवायच्या. हलायचं नाही, बोलायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून. माहेरी निघाले की त्यांना बरं वाटेनासं व्हायचं."

"आणि आता?"

"चहा टाकते," काकू म्हणाल्या आणि दार ओढून घेऊन गेल्या.

बाहेरून कडी लागल्याचा आवाज अस्मितानं स्पष्ट ऐकला. तिनं दार ढकलून पाहिलं. दार हललं नाही.

"काकू... कडी लागलीय."

पलीकडे बांगड्या वाजल्या. आवाज अगदी फळीला टेकून आला.

"बसा ना थोडं. माझी बॅग भरून ठेवलीय हो. कितीदा निघाले, पण जिन्याशी गेले की पाऊलच उचलत नाही... त्यांना दुसरं कोणी मिळाल्याशिवाय मला नाही सोडायच्या."

"दार उघडा, काकू."

"तुम्हाला चित्रातलं कळतं. तुमच्यावर जीव बसेल त्यांचा..."

मग पावलं दूर गेली. अस्मिता खिडकीकडे धावली. खाली टेम्पोतून पोती उतरत होती, हमाल एकमेकांना हाका मारत होते. तिनं ओरडून पाहिलं. कोणी मान वर केली नाही. हळूहळू त्या हाकाही बारीक होत गेल्या आणि टेम्पो डोळ्यांसमोर असून मुका झाला. खोलीत निशिगंधाचा वास दाटला. गोड, आणि त्याच्या तळाशी कुजलेल्या पाण्याचा. फूल तर एकही नव्हतं.

मागे सरकताना ती वेताच्या खुर्चीला अडखळून तीतच बसली. आणि मग उठता येईना. कोणी धरलं नव्हतं, बांधलं नव्हतं. मुंग्या आलेल्या हातासारखं सगळं अंग परकं झालं होतं. भिंतीवरचं ऊन जिथल्या तिथे थांबलेलं. तिच्या पाठीमागे डब्याच्या काठावर ब्रश आपटल्याचा आवाज आला. टक... टक...

समोरच्या चित्रातली खुर्ची भरू लागली होती. आधी खांद्याची रेघ उमटली. मग निळा रंग. अस्मिताच्या कुर्त्याचा निळा.

किंचाळायला तोंडही उघडेना. पण वर्गात विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभं राहून जे वर्षानुवर्षं बोललं होतं, ते ओठांतून आपसूक निघालं.

"कुसुमताई... बिघडतंय."

ब्रश थांबला.

"ती जागा भरू नका. तिथे कोणी नाही, म्हणून तर बघणारा थांबतो. मला बसवलंत... तर हे त्या बाकीच्यांसारखंच होईल."

चित्रकार लांबून बघायला मागे सरकतो, तशी काहीतरी मागे सरकल्याची सळसळ झाली. कितीतरी वेळ गेला. मग कॅनव्हासवर फडकं घासल्याचा आवाज, आणि चित्रातला निळा पुसट होत होत नाहीसा झाला. अस्मिताच्या तळपायांना झिणझिण्या आल्या. खालून हमालांचा आवाज परत ऐकू आला.

कडी निघाली. दारात काकू, हातात बॅग.

"माझे पाय हलले," त्या कुजबुजल्या. "काय सांगितलंत त्यांना?"

"खुर्ची रिकामी हवीय त्यांना."

काकूंनी मागे पाहिलं नाही. अनवाणीच भराभर जिना उतरून गेल्या. पर्स उचलून अस्मिताही निघाली. चित्र तिनं घेतलं नाही.

संध्याकाळी घरी तिचा नवरा, अवधूत, म्हणाला, "मानेला रंग लागलाय तुझ्या."

आरशात ओला, चकाकता गव्हाळ फटकारा दिसला. तिनं कापूस टर्पेंटाइनमध्ये बुडवून चोळला. कापूस गव्हाळ झाला. दुसरा घेतला, तोही झाला. रंग हुबेहूब तिच्या कातडीचा होता आणि उतरतच होता. चोळल्याचं मात्र तिला काही जाणवत नव्हतं.

"गेला का रे?" तिनं विचारलं.

अवधूतनं वाकून पाहिलं. मग तिच्या हातातून कापूस अलगद काढून घेतला.

"आता नको पुसूस," तो म्हणाला.