‘तू’ कुठे उभी आहे?

"अहो, प्रेक्षकांच्या खुर्च्या खाली आहेत."

रंगमंचाच्या कडेला उभी राहून ती आपल्या हातांवर उजेड नीट पडतोय का ते बघत होती. मागे न वळताच म्हणाली, "माहीत आहे. पण खुर्चीत बसून तुमची बडबड हातांनी कशी सांगणार मी?"

"बडबड?" मागचा आवाज हसला. "रॅप म्हणतात त्याला."

"तेच ते."

मग ती वळली… आणि हसू दाबता दाबता तिच्या गालावर खळी पडलीच.

त्याला सगळे भोवरा म्हणत. बोलायला लागला की शब्द गरगरायचे, म्हणून. रॅप कसा जन्मला आणि कसा बदलत गेला, हे रॅपमधूनच सांगणारा त्याचा चार भागांचा कार्यक्रम होता. पुढच्या रांगा बहिऱ्या प्रेक्षकांसाठी राखलेल्या, आणि त्यांच्यासाठी दुभाषी ही. बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची. तिची ताई जन्मापासून बहिरी, त्यामुळे बोबडं बोलायच्या आधी ही हातांनी बोलायला लागली होती. हातांच्या भाषेत तिचं नावही ताईनेच ठेवलेलं – गालावर टेकवलेलं एक बोट. खळी.

तालमी सुरू झाल्या. ती प्रश्न विचारून त्याला भंडावून सोडायची.

"सुरुवातीला काय होतं?"

"पार्टी! दोन तबकड्या, दोन्हींवर एकच गाणं. त्यातला नुसत्या ढोलाचा तुकडा आलटूनपालटून वाजवत राहायचा. लोक बेभान नाचणार, आणि माइकवरचा गडी त्यांना नावं घेऊन चेव आणणार."

"म्हणजे तुमचे पूर्वज नाचणाऱ्यांचे हरकामे?"

"हो ना. मग हळूहळू त्यांना कळलं, हातात माइक आहे तर आपल्या गल्लीचं रडगाणंही सांगता येईल. बंद पडलेली लिफ्ट, नसलेली नोकरी, दारावरचे पोलीस… नाचणारे ऐकायला थांबले."

"आणि यमक? ते हाताने कसं दाखवू?" ती स्वतःशीच पुटपुटली. मग मूठ वळली. एक खूण मुठीची, दुसरी मुठीची, तिसरीही मुठीचीच. अर्थ वेगळे, आकार एक. तो बघतच राहिला.

"अगं, हे तर… यमकच की!"

तुम्हीचं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"तिसऱ्या भागात, त्या शब्दांच्या झुंजीत, जरा दमाने घे," ती म्हणाली. "मला बोटं दहाच आहेत."

"मला तर जास्त वाटली…" तो बोलून गेला, आणि उगाचच माइकची वायर गुंडाळत बसला.

घरी कपड्यांच्या घड्या घालताना तिचे हात त्याच्या तालावर हलायचे. ताई भुवया उंचावून खुणांनी विचारायची, "टॉवेलला काय सांगतेयस एवढं?"

चौथा भाग मात्र अवघड निघाला. तिथे रॅपने फुशारकी सोडली होती, तो गाऊ लागला होता, आतून हललोय हे कबूल करू लागला होता. त्यात भोवऱ्याचं स्वतःचं एक कडवं होतं. ‘तू समोर असतेस आणि माझी भाषाच जाते…’

"तुझी ही ‘तू’ कुठे उभी आहे?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"हातांच्या भाषेत नुसतं ‘तू’ म्हणता येत नाही. बोट कुठे तरी दाखवावं लागतं. डावीकडे? उजवीकडे? लांब?"

बाहेर पावसाची रिपरिप चालू होती.

"जवळ," तो म्हणाला. "हात पुढे केला तर पोचेल, इतकी. पण… केलेला नाही अजून."

तिच्या काळजात कळ उठली. कोण असेल ती भाग्यवान? विचारायचा धीर झाला नाही. त्यात ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या काकांकडून कळलं, की कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी भोवरा वर्षभराच्या दौऱ्यावर निघणार. तिने मुकाट्याने त्या ‘तू’ला उजव्या टोकाला नेऊन ठेवलं, बाहेर जायच्या दरवाजापाशी.

कार्यक्रमाला सभागृह खचाखच भरलं. ढोलाचा तुकडा घुमला, गल्ल्यांची गाऱ्हाणी झाली, शब्दांच्या झुंजी रंगल्या. चौथा भाग आला. तिने सवयीने दरवाजाकडे बोट केलं, तर पहिल्या रांगेतून ताईचे हात चालले – "चुकतेयस! तो तुझ्याकडे बघतोय!"

तिने वळून पाहिलं. खरंच बघत होता. प्रेक्षकांकडे पाठ अर्धी वळलेली… डोळे तिच्यावर.

तिचे हात थांबले.

त्याचेही शब्द थांबले. मग घसा खाकरून तो म्हणाला, "काका, ताल परत द्या. हे कडवं नीट गेलं नाही."

ताल आला. ‘तू समोर असतेस…’ या वेळी तिचं बोट दरवाजाकडे निघालं, वाटेत अडखळलं, आणि हळूच स्वतःकडे वळलं.

मागच्या रांगांना काही कळायच्या आत पुढच्या रांगांतले सगळे हात हवेत थरथरू लागले. ही त्यांची टाळी. सर्वांत उंच हात ताईचे!

पण नंतर गर्दी झाली, सह्या, फोटो, हस्तांदोलनं… आणि दोघांना शब्दभरही बोलता आलं नाही.

सकाळी ती धावतपळत सभागृहापाशी पोचली तेव्हा सामानाने भरलेली गाडी सुरू झाली होती. तो खिडकीशी होता, काच बंद. तिने बाहेरूनच हातांनी भराभर सांगून टाकलं. त्याने कळलं नाही अशी मान हलवली, दार उघडलं आणि खाली उडी मारली.

"काय म्हणालीस?"

"काल तुझं बोलणं मी पोचवलं. हे माझं स्वतःचं होतं."

"मग मला कळेल असं सांग ना."

जन्मभर हातांनी बोलत आलेली ती… आता एकेक शब्द शोधू लागली.

"मी… झुरत बसणार नाही. शाळेला सुट्टी लागली की येईन. तू असशील तिथे."

"आणि?"

"आणि काय?"

"शेवटी दोन्ही हात छातीशी धरलेस ते?"

ती लाजून लाल झाली. "ते कळलं की तुला!"

"कळलं. पण ऐकायचंय."

टाचा उंचावून तिने त्याच्या कानाशी सांगितलं. नेमका त्याच क्षणी ड्रायव्हरने हॉर्न दाबला. त्याला सगळं स्पष्ट ऐकू आलं होतं. तरी "हॉर्नमुळे ऐकूच नाही आलं," म्हणत त्याने ते तिच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

मग मात्र त्याला जावंच लागलं.