भट्टीतला तडा

हसायचं तर आत्ताच हसून घ्या पोरांनो, नंतर मी थांबणार नाही.

टिचकीमामा माझ्या चांगल्या ओळखीचा. जुन्या विलायती कपबश्या पारखणं हा त्याचा धंदा. कप दिसला की नखाने टिचकी मारून कान लावायचा, म्हणून हे नाव. बायको म्हणायची, "मेल्याने माझ्याकडे कधी इतक्या मायेने बघितलं नाही."

तर अकरा नोव्हेंबरची रात्र, सव्वानऊ. एका निवृत्त मास्तरांकडून बोलावणं होतं. रात्रीचंच, कारण ही पातळ चिनी माती दिव्यासमोर धरली तरच पोटातलं सांगते. मास्तरांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. आता घर आवरून ते मुलाकडे राहायला निघाले होते.

अकरा कप खणखणीत वाजले. मामा खुशीत. बारावा बद्द वाजला.

"तो राहू द्या," मास्तर म्हणाले. "माझ्या मुलीने पाडला तो. आठ वर्षांची होती. तडा गेलेला कप हातात, आणि तोंडाने एकच धोशा, 'बाबा, मी नाही हो पाडला.' लगावली एक. खोटं बोलते म्हणून आठवडाभर तिच्याशी बोललो नाही. त्याच आठवड्यात ताप आला... गेली."

मामाने कप दिव्यासमोर धरला, भिंग लावलं आणि थिजलाच. कप पडून गेलेल्या तड्यात चहा मुरतो, तो काळा पडतो. हा पांढराशुभ्र होता. आत झिलई, म्हणजे कपावरचा काचेसारखा मुलामा, भरलेली. म्हणजे झिलई चढायच्या आधीच, पहिल्या भट्टीत गेलेला तडा. दीडशे वर्षांपूर्वीचा.

पोरगी खरं बोलत होती.

"पडूनच गेलाय ना?" मास्तरांनी विचारलं.

मामाने त्यांचा चेहरा पाहिला. आता या वयात कशाला...

"हो," तो म्हणाला. "पडूनच."

वारा नव्हता. दिवा स्थिर होता. कपाच्या अंगातून मामाला स्वतःच्या बोटांची सावली दिसत होती. चार बोटं.

मग पाच.

सहा... सात...

ही नवी बोटं इवलीशी होती. पलीकडून कप धरलेली.

पलीकडे कोणी नव्हतं.

कप ओढला गेला. हळूच. मोठ्यांचं लक्ष वेधायला मूल ओढतं तसा...

"मास्तर," मामाचा आवाज फाटला. "खोटं बोललो मी. हा तडा भट्टीतला आहे. तिने नव्हता हो पाडला."

मास्तरांनी शेजारची रिकामी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर गुडघे टेकले.

"चुकलो ग, पिल्ला..."

...

मामाने कपाकडे पाहिलं. आता फक्त त्याचीच चार बोटं होती.

निघताना मास्तर दारापर्यंत आले. दिव्याखाली त्यांच्या सदऱ्याची उजवी बाही दिसली. मामा आला तेव्हा सदऱ्याची कडक इस्त्री मोडलेली नव्हती. आता कोपराच्या खाली बाही चुरगळली होती, एका लहान मुठीएवढी. गर्दीत पोर बापाला घट्ट धरतं ना, तशी.

मास्तरांचा मुलगा सांगतो, इस्त्रीवाल्याने तीनदा पाणी मारून बघितलं. चुण्या गेल्या नाहीत. चौथ्यांदा मास्तर स्वतः गेले आणि सदरा परत घेऊन आले. तो त्यांनी पुन्हा कुणाला धुऊ दिला नाही.