हात पाठवा

कवळीवाल्याच्या आयुष्यात खास त्याच्या मापाची अशी एकही वस्तू कधी आली नव्हती. तीन भावांत हा शेंडेफळ. शेंडेफळाचे लाड होतात म्हणतात, याचे झाले ते मोठ्यांच्या उतरलेल्या कपड्यांनी. थोरल्याचा शर्ट मधल्याकडून याच्याकडे येईपर्यंत कॉलरीने मान टाकलेली असायची. बुटांच्या टोकात कापूस कोंबून तो शाळेत जाई आणि पळताना एखादा बूट मागेच राही. पुढे धंदा मिळाला तोही लोकांच्या मापांचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा पाठवायचे, हा त्यात प्लास्टर ओतून जबडा काढायचा आणि त्या जबड्यावर बेतून कवळी बनवायचा. नाव लागलं कवळीवाला. सासुरवाडीची मंडळीसुद्धा त्याला तसंच म्हणत आणि त्याला त्याचं काही वाटत नसे.

युकुलेलेचा नाद त्याला चाळिशीनंतर लागला. चार तारांचं ते चिमुकलं वाद्य त्याने दुकानातून हौसेने आणलं, पण त्याचा तळवा रुंद आणि बोटं आखूड. एक तार दाबायला जावं तर शेजारचीही दबायची. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, त्याला दुखतंय बहुतेक. सोडा त्याला." तो हसायचा, पण मनातून खट्टू व्हायचा. इथेही दुसऱ्याचंच माप आपल्या वाट्याला आलं असं त्याला वाटायचं.

मग त्याला कळलं की गिऱ्हाइकाच्या हाताबरहुकूम युकुलेले बनवून देणारी एक बाई आहे. लाकूड तुमच्या पसंतीचं, दांडी तुमच्या मुठीची, पडद्यांमधलं अंतर तुमच्या बोटांचं. हे कळलं त्या दिवशी त्याने कवळीचा एक दात उलटा बसवला. बायकोने चार दिवस थट्टा केली आणि पाचव्या दिवशी स्वतःच म्हणाली, "घ्या एकदाचं. एवढी वर्षं लोकांच्या तोंडाला बसेल असं बनवलंत, एक तरी वस्तू तुमच्या हाताला बसू दे."

त्याने फोन लावला. मापं कशी घ्यायची, फोटो कुठून काढायचे, असं बरंच विचारायचं त्याने ठरवलं होतं.

"फोटो नको, मापंही नकोत," कारागीर बाई म्हणाली. "हात पाठवा."

"म्हणजे?"

"डावा. प्लास्टरचा. तुमचा धंदाच तो आहे म्हणता ना दादा, मग तुम्हाला काय अवघड आहे?"

खरंच अवघड नव्हतं. ठशाची गुलाबी पेस्ट बादलीत कालवली, बायकोने बादली घट्ट धरली, त्याने डावा हात मनगटापर्यंत आत घातला आणि पेस्ट घट्ट झाल्यावर हळूहळू सोडवून घेतला. आत हाताची पोकळी राहिली. तिच्यात लगेच प्लास्टर ओतायचं, की काम झालं. तेवढ्यात एका डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्या पेशंटची कवळी दुभंगली होती आणि ती आत्ताच्या आत्ता सांधून हवी होती. त्याने ठशावर ओलं फडकं टाकलं आणि पळाला.

प्लास्टर ओतायला दुसरा दिवस उजाडला. ठसा वाळत गेला की आकसतो, शिळ्या ठशावर काम करायचं नसतं, हे या धंद्यातल्या कोणालाही झोपेत विचारलं तरी तो सांगेल. याच कारणावरून त्याने भल्याभल्या डॉक्टरांना फोनवर सुनावलं होतं. पण घरचंच काम, कोण बघतंय, म्हणून त्याने कानाडोळा केला. प्लास्टरचा हात निघाला तो खऱ्यापेक्षा थोडासा लहान. करंगळीच्या टोकाशी हवेचा बुडबुडा अडकला होता, तिथे एक खळगा पडला. पुन्हा करावा असं त्याला वाटलं, पण पेस्ट संपली होती आणि त्याला धीर नव्हता. त्याने हात कापसात गुंडाळला आणि धाडून दिला.

वाद्य आलं ते पावडरीच्या डब्यासारखं हलकं होतं. लाकूड मधाळ रंगाचं आणि कडेने काळसर नक्षी. त्याने ते उचललं, डाव्या मुठीत दांडी धरली आणि काही न वाजवता तसाच बसून राहिला. दांडी तळव्यात अशी बसली की कुठे हात संपतो आणि कुठे लाकूड सुरू होतं ते कळेना. बोटं आपापल्या तारांवर गेली. बायको दारात उभी राहून ऐकत होती आणि बराच वेळ तिला थट्टा सुचली नाही. त्याचे डोळे भरून आले. एवढ्या मोठ्या जगात ही एक वस्तू आपल्यासाठी बनली, दुसऱ्या कोणाच्या ती उपयोगाची नाही, या विचाराने त्याला फार श्रीमंत वाटलं.

एकच गोष्ट त्याच्या धंद्याच्या डोक्याला टोचली. हात लहान पाठवला होता. दांडी किंचित बारीक लागायला हवी होती. ती लागली नाही, म्हणून त्यानेही तो विषय सोडून दिला.

पुढे एकदा साबणाने हात धुताना त्याच्या डाव्या हातातली लग्नातली अंगठी निसटून बेसिनमध्ये पडली. "वाद्य आल्यावर बायकोची अंगठी कशाला थांबेल?" बायको म्हणाली. नंतर कामाचा डावा हातमोजा सैल वाटू लागला. त्याने दुसरा काढला, तोही सैल. नवराच वाळला असेल असं बायकोचं मत पडलं, पण उजवा मोजा नेहमीसारखा चपखल होता.

शेवटी त्याने कामाची मोजपट्टी घेतली आणि दोन्ही हात मोजले. माणूस वाळला तर कुठे मांस जातं, कुठे हाड वर येतं. इथे तसं काही नव्हतं. डावा हात लांबीला, रुंदीला, जाडीला सगळीकडून सारखाच कमी झाला होता. अशी सगळीकडून सारखी घट त्याने आयुष्यभर एकाच गोष्टीत पाहिली होती, ती म्हणजे शिळा ठसा. तो स्टुलावर बसला आणि त्याने करंगळी उजेडात धरली. टोकाशी खळगा होता. त्यात मोहरी बसली असती.

कातडीच्या डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं. "जन्मापासून असेल."

"नव्हता हो."

"तुम्ही कधी नीट बघितलं होतं का?"

आपल्या करंगळीचं टोक नीट बघितल्याचं छातीठोकपणे कोण सांगेल? तो फी देऊन घरी आला.

वाजवणं मात्र त्याने सोडलं नाही. सोडावंसं वाटलंच नाही. हात दांडीवर गेला की भीती निवायची, आणि वाद्याचा राग करायचा म्हटलं तरी त्याला जमत नव्हतं. वाद्याचा त्यात काय दोष?

मग एका दुपारी, भर कामात, अर्धी कवळी त्याच्या हातातून सुटून फरशीवर पडली. त्याने अंगठा पाहिला. अंगठ्याचा फुगीर भाग सपाट झाला होता, पॉलिश पेपरने घासावा तसा गुळगुळीत. दुखत नव्हतं, रक्त नव्हतं. अंगठ्याच्या रेषा एका बाजूने येत होत्या आणि सपाट जागेपाशी संपत होत्या. त्याच्या मांडीवर पांढरी भुकटी पडली होती, पण कवळीवाल्याच्या मांडीवर ती रोजच असते.

त्याने बाईला फोन लावले. उचलले गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याने बस पकडली.

बाईचं वर्कशॉप टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. खालून हवा भरायच्या मशीनचा आवाज येत होता आणि त्या आवाजाबरोबर भिंतीवर टांगलेल्या अर्धवट वाद्यांच्या तारा आपोआप गुणगुणत होत्या. बाई पन्नाशीची, केसांत लाकडाचा भुसा, बोलायला अगदी साधी. तिने त्याला स्टूल दिलं, पाणी दिलं.

"माझा हात परत हवा आहे," तो म्हणाला.

"तो प्लास्टरचा? अहो दादा, काम झालं की मी परत पाठवते किंवा टाकून देते. तुमचा राहिला होता इथे. फार सुबक होता."

"होता म्हणजे?"

"एक माणूस आला होता. काही घ्यायला नव्हता आला, नुसताच बघत होता. तुमचा हात उचलला आणि म्हणाला, हा मला द्या. मला काय, दिला." तिने त्याचा चेहरा पाहिला आणि तिचा आवाज उतरला. "काही चुकलं का?"

"कोण होता? नाव? फोन?"

"नाही विचारलं. प्लास्टरच्या तुकड्यासाठी कोण विचारतं?"

त्याने डावा हात पुढे केला. बाईने तो धरला आणि लाकडाचा तुकडा तपासावा तसा उलटसुलट करून पाहिला. करंगळीच्या टोकावरून बोट फिरवलं. अंगठ्यापाशी ती थांबली.

"ही सपाट जागा," ती हळूच म्हणाली, "ही माझ्याकडून झाली. दुसऱ्या एका वाद्याची दांडी घासताना मशीनचा पट्टा सुटला आणि तुमच्या प्लास्टरच्या हाताला लागला. तुम्हाला सांगणार होते, पण म्हटलं तुमच्या वाद्याला तर काही झालेलं नाही." मग तिने हात सोडला, एकदम, गरम भांडं सोडावं तसा. "दादा, हे कधीपासून?"

तिलाही काही माहीत नव्हतं. तिला माहीत असतं तर त्याला बरं वाटलं असतं, निदान कोणाच्या तरी पाया पडता आलं असतं.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन ताडकन उठली. "पोलिसात जाऊ."

"जाऊन काय सांगू? माझा हात चोरीला गेला?" त्याने दोन्ही हात वर केले. दोघांनाही हसू फुटलं, आणि ते ओठांवर होतं तोवरच बायकोला रडू कोसळलं.

त्याने हात टेकले नाहीत. ताजी पेस्ट आणली, पुन्हा ठसा घेतला, या वेळी क्षणभरही न थांबता प्लास्टर ओतलं. नवा हात बिनचूक निघाला. दात ओठ खाऊन त्याने त्या प्लास्टरच्या हाताच्या पाठीवर सुरीने ओरखडा काढला आणि स्वतःच्या हाताकडे बघत बसला. काही झालं नाही. त्याने नवी बोटं पाण्यात बुडवली, चुलीपाशी धरली. काहीच नाही. ते नुसतं प्लास्टर होतं. चालायचा तो फक्त पहिला हात, आणि तो कुठल्या घरात, कुठल्या फळीवर, कोणाच्या मुलांच्या हाती लागेल अशा जागी होता ते विचारायची सोय नव्हती.

तेव्हापासून तो वाट बघू लागला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

एके दिवशी त्याच्या हाताला दिवसभर ऊन लागत राहिलं. तो सावलीत बसला होता.

एकदा हात ओला झाला आणि कोणीतरी तो फडक्याने पुसला. हळुवारपणे, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. त्याला त्या स्पर्शाने धीर आला, आणि धीर आला याचीच लाज वाटली. "नीट जपतोय बघ," तो बायकोला म्हणाला. "चांगला माणूस असेल."

"असेल," बायको म्हणाली. तिने त्याचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला. हल्ली ती सारखीच तो धरून बसे.

रविवारी दुपारी चहा झाल्यावर ती म्हणाली, "वाजवा ना काहीतरी." त्याने युकुलेले घेतलं. वाजवलंही छान, आजवर कधी वाजवलं नव्हतं इतकं. बायको डोळे मिटून ऐकत होती. मग सूर थांबले तसे तिने डोळे उघडले.

"अहो, हे काय लागलंय हाताला?"

करंगळीच्या मुळाशी, बोट तळव्याला मिळतं तिथे, पेन्सिलीची बारीक रेघ होती. अनामिकेच्या मुळाशी दुसरी.

बायकोने पदराचं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवलं आणि पुसायला लागली. रेघ निघेना. तिने साबण आणला. प्लास्टरच्या जबड्यातला एखादा दात सुटा करायचा असला की तो स्वतः आधी अशीच रेघ आखून घ्यायचा, म्हणजे करवत भरकटत नाही. हे तिला सांगावं की सांगू नये ते त्याला ठरवता येईना.

"निघत कशी नाही," ती घासत म्हणत होती. "निघेल. थांबा जरा."

तिच्या बोटांखालून तिसरी रेघ निघाली. मधल्या बोटाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ती सावकाश सरकत गेली. कुठे हलली नाही, कुठे जाड झाली नाही. आखणाऱ्याचा हात सवयीचा होता.