चूलबंद आवतण

"तारीख आधी मी विचारली आहे," आचल म्हणाली. आवाज चढला होता आणि तो उतरवायची तिची मुळीच इच्छा नव्हती.

काउंटरपाशी पाठमोरा उभा असलेला माणूस वळलासुद्धा नाही. "ताई, मी अर्ध्या घंट्यापासून इथं उभा आहो. सव्वीस एप्रिल माही आहे."

"तुमची म्हणजे? नाव कोरलंय का तारखेवर?"

"तेच लिहून राहिलो ना! थांबा जरा."

अमरावतीतल्या त्या मंगल कार्यालयाचा मॅनेजर खुशीत दोघांकडे पाहत होता. एका तारखेवर दोन गिऱ्हाइकं भांडली की भाडं आपोआप चढतं, हे त्याला अनुभवानं पाठ होतं. "नावं सांगा साहेब. वर?"

"चंदन. परतवाड्याजवळचा आहो."

"वधू?"

"आचल. अकोल्याची. जुनं शहर."

आचलनं उन्हासाठी तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ ओढून काढला. आता मात्र तो वळला… आणि त्याच्या हातातलं पेन तसंच हवेत राहिलं.

"बाप्पा! तुमी?"

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, ही दोन माणसं एकाच सोफ्यावर दोन तास शेजारी बसली होती. पण टोपी, हार आणि कॅमेऱ्याचा डोळ्यांवर येणारा दिवा… तिला त्याचा डावा कान काय तो आठवत होता.

"तुमी इथं काहून?" त्यानं विचारलं.

"दर काढायला. घरी सांगितलंय, कॉलेजच्या प्रयोगशाळेचं सामान आणायला जाते."

"मी सांगतलं, शेवंतीची रोपं पाहाले जातो."

मॅनेजरनं पाचशे प्लेटांची हमी मागितली तेव्हा दोघं एकदमच "नाही" म्हणाले. बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर आचलचा राग पुन्हा उसळला. "बैठकीत काय ठरलं? खर्च अर्धा-अर्धा. पण कशाचा अर्धा? एकानंही विचारलं नाही! मामा सुपारी फोडत होते, काका पान लावत होते, आणि तुम्ही शेल्याशी खेळत होता."

"नवरदेवानं बैठकीत बोलाचं नसते जी."

"मग कधी बोलायचं असतं? खर्च करून झाल्यावर?"

तो हसला. तिला आणखी राग आला. हसताना त्याच्या गालाला खळी पडत होती, ही गोष्ट साक्षगंधाच्या एकाही फोटोत दिसली नव्हती.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी फोन सुरू झाले. तीनशे माणसं, त्यावर एकही नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. दोघांचा पैसा दोघांच्या घामाचा होता. तिचा पगारातून साठलेला, त्याचा फुलांच्या हंगामातला. लग्न झाल्यावर कुणापुढे हात पसरायचा नाही, एवढीच तिची अट होती.

"घोडा?" तो विचारी.

"काट."

"घोडा नका काटू जी. माह्या बापाचं सपन आहे ते."

"मग त्यांनाच बसवा त्यावर."

"डीजे?"

"काट."

"फुलं?"

"फुलं तर घरचीच ना तुमच्या."

"मांडवाची घरची. तुमच्या केसातली मात्र मी निवडून ठीवीन…"

हे वहीतल्या कुठल्या रकान्यात लिहावं ते आचल शोधत राही. ते बजेटात कुठेच बसत नव्हतं.

परतवाड्यातला एक लहानसा हॉल ठरला. उद्या इसार द्यायचा, आणि आज दुपारी चंदनच्या वडिलांचा, जानरावांचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. "पोरी, काम फत्ते! साऱ्या गावाले चूलबंद आवतण देऊन आलो!"

"चूलबंद… म्हणजे सगळ्या घराला?"

"म्हंजे त्या दिवशी गावात कोनाचीच चूल पेटनार नाई. लेकरंबाळं, म्हातारेकोतारे, सारे आपल्या मांडवात!"

"किती घरं, मामाजी?"

"दोनशाच्या वर. तीन दिवस लागले. चंदनच तर घेऊन फिरला मले गाडीवर."

तीन दिवस. आणि त्या तिन्ही संध्याकाळी तो तिच्याशी पत्रावळींचे दर बोलला होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं अमरावती, तिथून परतवाडा, पुढे चंदनच्या शेतापर्यंत जीप. शेजारच्या बागेत संत्रा फुलला होता. बांधभर तो गोड वास दाटला होता. आचलला त्याचाही राग आला. चंदन झेंडूच्या सरीत फुलं तोडत वाकला होता. तिला पाहून ताठ झाला.

"तीनशे माणसं म्हणाला होतास ना रे तू?" राग अनावर झाला की तिची बोली थेट घरची होई. "आन हजार लोकाईले जेवाले बलावून मले पत्रावळीचे दर सांगून राहिला!"

जानराव धुऱ्यावरून, शेताच्या कडेकडेनं, लगबगीनं आले. "पोरी, त्याले नको बोलू. याची माय गेली तवा तेरा दिवस माह्या घरी चूल पेटली नाई. गावानं जेवू घातलं आमाले. आता घरटी एक मानूस बलावू? कोन्या तोंडानं?"

आचलचा आवाज खाली आला. मग सावकाश म्हणाली, "तुमचं चुकलं नाही, मामाजी. बलवाच साऱ्यांना. माझं भांडण यांच्याशी आहे. यांनी लपवलं."

"मी भरनार होतो," चंदन मातीकडे पाहत म्हणाला. "फुलं न्याच्या पिकअप गाडीसाठी पैसे ठेवले होते. ते लावनार होतो. तुमाले झळ नसती लागू देल्ली."

"आणि लग्नानंतर आपण फुलं काय डोक्यावर वाहायची?"

"आपन?"

"हसू नका!"

"सांगतलं असतं तर तुमी लग्न मोडलं असतं…"

"हॉल मोडला असता मी! लग्न नाही!" ती ओरडली, आणि आपण काय बोललो ते कळून कानापर्यंत तापली. मग जानरावांकडे वळली. "लग्न इथंच, शेतात. मांडव तुमचा, वांगी माझ्या बाबांच्या अकोल्याजवळच्या मळ्यातली. संध्याकाळी सगळ्या गावाला गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी."

"रोडगे? लग्नात?" जानरावांचा चेहरा पडला. "रोडगे नवसाले, पोरी. लोक म्हनतीन, जानरावानं पोराच्या लग्नात गोवऱ्यावर भागवलं."

"म्हनू द्या, बाबा," चंदन म्हणाला.

जानरावांनी दचकून पाहिलं. पोरानं कधी शब्द मोडला नव्हता.

"आवतन तुमचं, तुमच्या मनासारखं झालं. कोनाची चूल पेटनार नाई. पन पानात काय वाढाचं ते आमी ठरवू. तीन दिवस हिच्यापाशी खोटं बोललो. मले नाई जमत ते."

जानरावांनी एकदा पोराकडे, एकदा होणाऱ्या सुनेकडे पाहिलं. मग टोपी सारखी करत, स्वतःशीच पुटपुटत धुऱ्यानं निघाले, "दोनशे घरं… गोवऱ्या आतापासून थापाव्या लागतीन…"

दोघंच उरली. मागच्या सरीत फुलं तोडणाऱ्या बायांनी माना खाली घातल्या होत्या, पण हात कुणाचेच चालत नव्हते.

"राग गेला?" चंदननं हळूच विचारलं.

"नाही."

"कवा जाईन?"

"इतक्यात नाही. पुष्कळ वर्षं पुरेल इतका आहे."

"मंग मले तेवढी सारी वर्सं द्या," तो म्हणाला. "हे मी काटू देनार नाई."

आचलनं रस्त्याकडे पाहिलं. परतीच्या जीपचा हॉर्न वाजला, दोनदा वाजला. तिनं चपला काढून बांधावर ठेवल्या, ओढणी कमरेला खोचली आणि त्याच्या शेजारच्या सरीत उतरली.

"देठ किती ठेवायचा?" तिनं विचारलं. अजून रागातच.