अंगावरचं दूध

१९८४ साली अंधेरीच्या आमच्या प्रयोगशाळेत उंदरांची खोली मागच्या अंगाला होती. खिडकीबाहेर रंगाच्या कारखान्याची भिंत, आत ओल्या भुशाचा आणि फिनेलचा वास. कारखान्याचं सांडपाणी झिरपलेल्या विहिरीचं पाणी पाजलं तर माद्यांना गर्भ राहतो का, हे मी पीएच.डी.साठी तपासत होते. विहीर माझ्या सासरच्या चाळीमागची. त्या चाळीत अलीकडे कुणाचेच दिवस भरत नव्हते.

मार्चमध्ये माझंही पाचव्या महिन्यात गेलं. मुलगी होती. घरात बसवेना म्हणून मी लगेच कामावर आले. छातीत मात्र दूध उतरलं होतं आणि ते डॉक्टरांच्या गोळ्यांना दाद देत नव्हतं. त्याची मला चीड यायची.

विहिरीचं पाणी पिणाऱ्या माद्यांना गर्भ राहिलाच नव्हता. तरी त्यांनी भुसा, कागदाच्या पट्ट्या कोपऱ्यात ओढून घरटी बांधली.

माझ्याबरोबर संशोधन करणाऱ्या नंदाने एकीला उघडून पाहिलं. "गर्भाशय कोरं आहे गं. वेड्या झाल्यात, दुसरं काय! तू चहा घे आधी, तोंड बघ जरा आरशात."

मग माद्या घरट्यांवर पाठीची कमान करून बसू लागल्या, पिलांना पाजताना बसतात तशा. त्यांची वजनं उतरू लागली. मी एकीला उताणी धरली. स्तनाग्रांभोवतीचे केस झिजले होते. ओले होते.

"हे लिहू नकोस हां," नंदा म्हणाली. "सर हसतील."

ती स्वतः हसत नव्हती.

दुपारी ती जेवायला गेल्यावर मी पिंजरा उघडला. मादी आपणहून बाजूला सरकली. मी घरट्यात बोट घातलं. आत काही नव्हतं, पण ऊब होती.

बोटाच्या टोकाला काहीतरी लुचू लागलं. दात नव्हते.

भीती वाटली. पण हात काढून घ्यावासा वाटेना. माझा ब्लाउज भिजला, आणि मी तिथेच उभी राहून रडले.

ते घरटं मी रुमालात बांधून घरी आणलं.

"काय आहे गं?" जयवंतने, माझ्या नवऱ्याने, विचारलं.

"भुसा."

पलंगावर माझ्या बाजूच्या कडेला ते ठेवून मी झोपले.

सकाळी छातीचा ठणका गेला होता. दोन्ही बाजू हलक्या, रिकाम्या झाल्या होत्या. जयवंत चहा घेऊन आला आणि दारात थबकला. त्याने रुमालाकडे पाहिलं आणि माझ्या कोरड्या ब्लाउजकडेही.

मग त्याने कप खाली ठेवला, आपली उशी उचलली आणि पलंगाच्या कडेला लावली. मुलगी खाली पडू नये म्हणून.